ताऱ्यांमधला कारकून

"आपला सूर्य म्हणजे ताऱ्यांमधला कारकून!" सुमती म्हणाली आणि डोंबिवलीच्या गणेशोत्सवाच्या मांडवात हशा पिकला. चोपन्न साल होतं. मांडवात कारकून नसलेला माणूस शोधावा लागला असता.

हशाची चटक मोठी वाईट. नव्याकोऱ्या बी.एस्सी.चं हे पहिलंच व्याख्यान. तिला चेव आला. "तो ज्येष्ठा तारा बघा. त्याच्या पोटात असे लाखो सूर्य मावतील. तो साहेब! आपला सूर्य बापडा रोज वेळेवर हजर. ना बढती, ना बदली. आकाशगंगेत त्याला विचारतंय कोण!"

मांडव पुन्हा हसला, पण या खेपेला माना पहिल्या रांगेकडे वळल्या. तिथे भाऊ बसले होते, सुमतीचे वडील. इस्त्रीचा कोट घालून, ऑफिसातल्या मंडळींना आग्रहानं घेऊन आलेले. नागपूरला बदली घेतली असती तर त्यांना बढती मिळणार होती. सुमतीचं कॉलेज मोडू नये म्हणून त्यांनी ती नाकारली आणि कारकूनच राहिले. भाऊही हसले. जरा उशिरा हसले, एवढंच.

सुमतीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यातून ते पुरतं खरंही नव्हतं. दहातले नऊ तारे सूर्याहून मंद असतात, हे तिला ठाऊक होतं. हशा ओसरेल म्हणून तिनं ते गाळलं होतं. आता सांगायला जावं, तोच अध्यक्षांनी हार पुढे केला.

परतीच्या वाटेवर ती म्हणाली, "भाऊ, चुकलं माझं. बहुतेक तारे सूर्याहून लहानच असतात हो. मला माहीत होतं."

"अगं, मग तेव्हाच सांगायचंस की," भाऊ म्हणाले. "आमच्या मंडळींना बरं वाटलं असतं." मग ते भाजी काय घ्यायची त्यावर बोलत राहिले. त्यापेक्षा ओरडले असते तर परवडलं असतं, असं तिला वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊ कोटाची बटणं लावत होते, तेवढ्यात खालून हाक आली, "ओ सूर्यनारायण! निघालात का ऑफिसला?" पाठोपाठ दोघातिघांचं हसणं.

सुमती तरातरा खिडकीकडे निघाली. भाऊंनी तिला हातानंच थांबवलं. "आलो रे, आलो!" त्यांनी ओ दिली, आईबापांनी तेच नाव ठेवलं असावं तशी, आणि जिना उतरू लागले.