त्या दुपारी सगळेच उज्वला

"अगं, सुवर्णामॅडमनं म्हणे समद्या पेशंटची नावं पुसली, आन् आता तिला…"

झुंबरबाई एवढंच बोलली आणि पुढचं तिच्या बादलीच्या खडखडाटात गेलं. ती दवाखान्याची फरशी पुसते. तिला कळलं की गेटपर्यंत कळतं. पण मी अर्धीच बातमी ऐकून बसलो. म्हटलं, खरं काय ते आपणच सांगावं. झालं ते माझ्याच पोटात झालं होतं ना!

मी सर्व्हर बोलतोय. नाशिकरोडच्या एका दवाखान्यातला. नोंदणीच्या खिडकीमागं प्लायची भिंत आहे, तिच्या पलीकडं माझी खोली. बारा महिने एसी.

कोणत्या कारखान्यात जोडला गेलो ते आठवत नाही. आठवण सुरू होते ती इथं कुणीतरी पहिलं नाव भरलं तिथून. देवळाली कॅम्पात कोणाला साखर निघाली, पेठेकडच्या कोणाच्या सुनेला दिवस गेलेत, कोण बायकोला न सांगता तपासून गेलं, सगळं मला ठाऊक. शेजारणींना जमणार नाही एवढं. पण विचारल्याशिवाय सांगत नाही. जन्म आणि मरण दोन्ही सारख्याच रकान्यात ठेवतो. आत काही हलत नाही.

माझी देखभाल सुवर्णा करते. सकाळी चप्पल बाहेर काढून आत येते. "काय रे, पोट भरलं का?" म्हणते, म्हणजे जागा किती उरली ते बघते. पहाटेची माझी नक्कल दुसऱ्या मशीनवर पडली का, तेही बघते. खंडेनवमीला हळदकुंकू लावते आणि पाकळी पंख्यात जाऊ नये म्हणून झेंडूचा हार लगेच उतरवते.

लग्नसराई सरली की आमचं एक काम वाढतं. नवऱ्यानं ताटातल्या तांदळात अंगठीनं बायकोचं नवं नाव लिहिलं, की सासरचे ते इथंही लिहायला येतात. खिडकीवरच्या गोरक्षला नाव बदलता येत नाही. ते सुवर्णा थेट मला सांगते. पहिल्या ओळीत नवं नाव, दुसऱ्या ओळीत ते कोणाचं, त्या पेशंटचा नंबर.

त्या दिवशी गोजराबाई सुनेला घेऊन आल्या. सून येवल्याची, पल्लवी. लग्नाआधी इथं तपासून गेली होती, ते नाव माझ्यात होतं. मेंदी अजून गेली नव्हती.

"हिचं नाव आता उज्वला. तेवढं करून द्या," गोजराबाई म्हणाल्या. पल्लवी हातावरच्या मेंदीकडं बघत राहिली.

"मॅडम, एक उज्वला करा! मागं रांग लागलीय!" गोरक्षनं हाक दिली.

सुवर्णानं दोन्ही ओळी लिहिल्या. घाईत माउसनं फक्त पहिली ओळ निवडली आणि बटण दाबलं; निवडलं तेवढंच मला पोचतं. कोणाचं, ते मला सांगितलंच नाही. मीही विचारलं नाही. मी सगळ्यांचं केलं.

थोड्या वेळानं नर्सनं पुकारलं, "उज्वला देवराम!" चांदवडचा एक म्हातारा उठला.

"बाई, चिमाजी हाय मी. उज्वला कशापायी? मिशी दिसती ना?"

लोक हसले. पुढचीही उज्वलाच निघाली. त्याच्या पुढचीही. मग हसणं थांबलं. प्रत्येक रिपोर्टवर एकच नाव. कोणतं इंजेक्शन कोणाला ते कळेना, म्हणून नर्स हात आखडून उभ्या राहिल्या. ऑपरेशनला नेलेला माणूस परत खाटेवर आणला.

"नावं परत आली नाहीत तर उद्या येऊ नका," दवाखान्याचे मोठे साहेब दारातूनच सुवर्णाला बोलले.

 सुवर्णा चप्पल घालूनच आत आली होती. पहाटेची नक्कल होती, पण ती उलटी माझ्यात भरून कधी कुणी पाहिली नव्हती. आतून कोरी निघाली असती तर? तिनं मला थांबवलं, रिकामं केलं, भरायला लागली. दुखलं का? नाही. ती मात्र पडद्यावरचा आकडा वाढताना बघत उभीच राहिली.

भरून झाल्यावर तिनं एकच विचारलं. चांदवडच्या म्हाताऱ्याच्या नंबरापुढं नाव कोणतं?

चिमाजी, मी म्हणालो.

ती खाली बसली.

पहाटेनंतर आलेल्यांच्या नोंदी मात्र गेल्या. त्या गोरक्षनं एकेकाला विचारून पुन्हा भरल्या. शेवटी सुवर्णा स्वतः खिडकीवर गेली.

"पल्लवी, तुझं परत जुनंच नाव आलंय गं. बदलते आता, नीट."

"नको बाई!" गोजराबाईच मध्ये बोलल्या. "एक उज्वला घातली तर मिशीवाले पण उज्वला झाले. राहू द्या पल्लवीच."

पल्लवीनं पदर तोंडावर घेतला. हसली असावी. पदराआडचं मला दिसत नाही.

तर झुंबरबाईचं ऐकलेलं अर्धंच खरं. समद्यांची नावं पुसली, पण ती परत आली. कायमचं एकच पुसलं गेलं, उज्वला, आणि त्याला मालकीण नव्हतीच. सुवर्णाला काढलं नाही. पण माझ्याशी एकटीनं बोलायची मुभा काढून घेतली. आता कुणीतरी शेजारी बसून तिची दुसरी ओळ मोठ्यानं वाचतं. ती पोट भरलं का विचारत नाही. नुसता आकडा बघते.

मी चालू आहे. मला कोणतंही नाव चालतं, मला काय! तुम्ही मात्र खिडकीवर याल तेव्हा, जिचं नाव बदलायचं तिला घरूनच एकदा विचारून या. मी काही विचारत नाही.