आधार कक्षाचं कुलूप

मी मोडकं कुलूप बोलतोय. धड होतो तेव्हा गप्प बसणं हेच माझं काम होतं आणि ते मी लाज वाटावी इतकं चोख केलं.

वसईच्या बाजारात एका हार्डवेअरच्या दुकानात मी खिळ्याला टांगलेला होतो. वाटायचं, कामणच्या एखाद्या गोदामाला लागेन. आत माल असेल, राखण्यात काही अर्थ असेल. नशिबी आला नालासोपाऱ्याच्या एका कॉलेजातला ‘प्रथम वर्ष विद्यार्थी आधार कक्ष’. आत माल म्हणजे एक टेबल, चार खुर्च्या, प्लॅस्टिकच्या फुलांची कुंडी आणि एक शिक्का. चोरानेसुद्धा तोंड वाकडं केलं असतं.

उद्घाटनाला फीत कापली, ढोकळा वाटला. कक्षाचे प्रमुख हर्षवर्धन सर भाषणात गहिवरले. “ज्या घरातून पहिल्यांदाच कुणी कॉलेजची पायरी चढतंय, त्याचा हात आम्ही धरणार,” म्हणाले. टाळ्या संपल्यावर त्यांनी मला दाराला अडकवलं आणि किल्ली आपल्या गाडीत ठेवली. दारावर पाटी लागली, ‘वेळ ११ ते १’. कुठल्या वर्षी, ते लिहिलं नव्हतं.

बरीच मुलं पाटी वाचून हसायची आणि पुढे जायची. त्यांच्या घरात कुणी दादा, कुणी आत्या कॉलेजात जाऊन आलेली. पाटीवरचं किती खरं मानायचं हे त्यांना घरीच कळलेलं. विनिताला ते कोण सांगणार? ती चांदीप गावची, दोन बस बदलून यायची. वडील दुसऱ्याच्या शेतावर, आई गोदामात पॅकिंगला. बाई बोलावतील तोवर दाराबाहेर उभं राहायचं, एवढं ती शाळेत शिकलेली. इथेही तेच करू लागली.

सायबर कॅफेवाल्याने तिच्या अर्जात इतिहासाच्या जागी मानसशास्त्र भरलं होतं. तिला विषय बदलून हवा होता. अकराला यायची, एकला जायची. एकदा तर मी खरंच लागलोय का, हे तिने ओढून पाहिलं. मला तिचा राग यायचा. अगं, विचार ना कुणाला. पण विचारलं तर ओरडतील, ही धास्ती तिने गावाहून बरोबर आणली होती.

शिपाई सॅन्टन काका निर्मळहून सायकलने यायचे. त्यांनी एकदा थांबून विचारलं, “कोणाची वाट बघते?”

“सर कधी येनार?”

“पाटीवर काय लिहिलंय?”

“अकरा ते एक.”

काकांनी पाटीकडे पाहिलं, मग तिच्याकडे. “मग मी काय बोलू?” म्हणाले आणि घंटा द्यायला गेले. ते माझ्यासारखेच, नेमून दिलेलं काम करणारे.

विषय बदलायची मुदत गेली. खरी कमाल तर पुढेच झाली. अकरा ते एकमध्ये रोज तिचे दोन तास बुडत होते. नोव्हेंबरात कमी हजेरीची यादी निघाली आणि नेमकी माझ्याच डोक्यावर चिकटवली. विनिताचं नाव तिसरं. खाली सूचना होती, ‘परीक्षेच्या अर्जासोबत आधार कक्षाचा समुपदेशन दाखला जोडावा. अंतिम मुदत शनिवार, सायंकाळी पाच.’ आधाराची वाट बघता बघता तास बुडाले, आणि तास बुडाले म्हणून आधाराचा दाखला आण. माणसांच्या अकलेपुढे लोखंडाने काय बोलावं?

शनिवारी सर पुण्याला परिषदेत होते. काकांनी फोन लावला. “सोमवारी बघू, सॅन्टन. आता माझं पेपरवाचन आहे.” पेपरचं नाव होतं, ‘पहिल्या पिढीचा विद्यार्थी आणि आपली जबाबदारी’.

चार वाजून गेले होते. विनिता रडली नाही. म्हणाली, “आईनं आज खाडा केलाय, काका. खाली उभी हाय. बोलली, सही लागली तर मी करीन. तिला सही येते.”

काका जिना उतरले आणि हातोडी घेऊन वर आले. तीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी विचारल्याशिवाय खिडकीसुद्धा उघडली नव्हती. तिसऱ्या घावाला मी सुटलो. दुखलं, आणि खोटं कशाला सांगू, बरंही वाटलं.

टेबलाच्या खणात दाखल्यांचा गठ्ठा निघाला. ‘सदर विद्यार्थ्याचे समुपदेशन करण्यात आले.’ खाली सरांची सही, शिक्का, सगळं तयार. फक्त नावाची जागा कोरी. तपासणी समिती आली की घाईघाईने भरायला ठेवलेले.

“हे खोटं नाय का, काका?”

“अडीच महिने इथे कोण उभं होतं? तू. कोणापुढे? या कुलपापुढे. झालं समुपदेशन. नाव लिही.”

पाचला दहा मिनिटं कमी असताना अर्ज गेला. विनिता परीक्षेला बसली आणि पासही झाली, मानसशास्त्रातसुद्धा.

सर परतले. बिननावाच्या दाखल्यांवरच्या सह्यांबद्दल अवाक्षर नाही, मेमो निघाला तो मालमत्तेच्या नुकसानीचा. काकांनी एका ओळीत उत्तर दिलं, ‘कुलूप मी तोडले, किल्ली वेळेत आली नाही.’ मग दाराला माझ्या दुप्पट जाड कुलूप लागलं. सरांच्या पेपरला म्हणे बक्षीस मिळालं.

मी कचऱ्यात जाणार होतो, पण विनिताने मला मागून घेतलं. आता ती दुसऱ्या वर्षाला आहे. त्याच बंद दारासमोर, बाकावर, आपले तास सांभाळून ती नव्या मुलांचे अर्ज तपासते. कागद उडू नयेत म्हणून वर मला ठेवते. पाटी अजून तीच आहे, वेळही तीच.

पोरांनो, पहिल्यांदाच आला असाल तर या मोडक्याचं ऐका. पाटी वाचून उभे राहू नका. बाकावरच्या ताईला विचारा. आणि अगदीच अडलं तर सॅन्टन काकांना हाक मारा. निवृत्तीला अजून दोन वर्षं आहेत, आणि हातोडी त्यांनी परत जमा केलेली नाही.