लाल ठिपक्याचं ताट

“काटा जिभेनं शोध गो, दातानं नको. दात घाई करतात.”

चाळीस वर्षं झाली, पण मासळीचं ताट पुढ्यात आलं की भीमाबाईच्या कानात आईचा हा आवाज उमटायचाच. तेव्हा तिचा थोरला हरेश जेमतेम वर्षाचा होता, मांडीवर हातपाय झाडायचा. आईनं बोयी माशाचा तुकडा आणि भात स्वतःच्या तोंडात घोळवून मऊ केला, दोन बोटांवर घेतला आणि नातवाच्या ओठांना लावला. वर ओवीही म्हटली होती.

काटा माझ्या ग मुखात, गर बाळाच्या ओठात
माझ्या जिभेची ग माया उतरली त्या घोटात

तेव्हापासून भीमाबाई तशीच भरवत आली.

आज हृतिकच्या, तिच्या धाकट्या लेकाच्या, हळदीचा दिवस. विमानतळात शेत गेलं तेव्हा उभं राहिलेलं तीन मजली घर झेंडूनं मढलं होतं. अकरा वाजता मांडवात जात्यावर हळद दळायची आणि पहिला धवला भीमाबाईनं उचलायचा. पनवेलभोवतीच्या या गावांत लग्न धवल्यांच्या गाण्यांनी लागतं, आणि ती गाणी जिच्या कंठात, तिला धवलारीण म्हणतात. पंचवीस वर्षं भीमाबाई गावाची धवलारीण होती. तिनं तोंड उघडल्याशिवाय जातं फिरत नसे.

आत्ता मात्र ती मागच्या ओट्यावर बसून एका ताटातल्या बोयीचे काटे बोटांनी काढत होती. ताटाच्या काठावर नेलपॉलिशचा लाल ठिपका होता. घरच्या ताटांत ते चुकून मिसळू नये म्हणून तिच्या लेकीनं, नीतानं, लावलेला. ताट होतं हरेशच्या मुलीचं, मनस्वीचं. आठ वर्षांच्या पोरीचं.

मनस्वीच्या मानेला गाठ आली तेव्हा या तीन मजली घरानं तीन महिने भगताचा लेप थापला. लेपाखाली एकीच्या चार गाठी झाल्या. मग मुंबईचं हॉस्पिटल, गाठीचा तुकडा काढून तपासणी, आणि कुणालाच नीट उच्चारता न येणारा शब्द, लिम्फोमा. डॉक्टर आभा यांनी हरेश, त्याची बायको अंकिता आणि भीमाबाई यांना समोर बसवून सगळं समजावलं होतं. गाठीत एका विषाणूच्या खुणा सापडल्यात, एप्स्टीन-बार त्याचं नाव. तो लहानपणी थुंकीतून येतो, उष्ट्या घासातून, पाप्यातून. थोडा ताप येतो, कधी तोही नाही.

“तुमच्या, माझ्या, जवळजवळ प्रत्येकाच्या अंगात तो असतो,” डॉक्टर म्हणाल्या होत्या. “जन्मभर झोपून राहतो. अगदी थोड्या मुलांमध्ये पुढे त्याचा या कॅन्सरशी संबंध दिसतो. हिच्यातच का, ते मलाही सांगता येणार नाही. यात कुणाची चूक नाही. आणि हिचा कॅन्सर दुसऱ्या कुणाला लागत नाही. औषध वेळेवर मिळालं तर बहुतेक मुलं बरी होतात. वेळेवर, एवढं लक्षात ठेवा.”

भीमाबाईनं त्यातली एकच गोष्ट मनात ठेवली, उष्टा घास. आणि ती तिथंच गिळून टाकली.

घरी हरेशनं विषाणूचं नाव काढलं मात्र, नीता पदर सावरत पुढं आली. “उष्टं भरवलं कोनी पोरीला?” विचारलं सगळ्यांना, बघितलं अंकिताकडे. अंकिता करंज्याची, कोळ्यांची मुलगी, हरेशनं पसंत करून आणलेली. “त्यांच्यात चालतं आसलं. चोवीस तास मासली नि उष्टं-खरकटं!” अंकितानं फक्त एकदा सासूकडे बघितलं आणि मान खाली घातली. ती नजर पाच महिने भीमाबाईच्या घशात अडकून होती. जिभेनं सापडेना, बोटानं निघेना.

डॉक्टरांनी बजावलं होतं, औषधानं पोरीची ताकद जाईल, तिला गर्दीपासून आणि तुमच्या सर्दी-खोकल्यापासून जपा. घरानं स्वतःलाच तिच्यापासून जपलं! वरच्या मजल्यावर तीन खोल्या पाहुण्यांसाठी बंद असताना तिची खाट मागच्या पंपाच्या खोलीत टाकली. तिथं भिंतींना ओल, कोपऱ्यात खताच्या जुन्या गोण्या. गावदेवीला रोज फुलं वाहणाऱ्या हातांनीच त्या दाराला बाहेरून कडी लावली.

भीमाबाईनं कडी काढली. मनस्वी खाटेवर पाय हलवत बसली होती. डोक्यावर केस नव्हते, नीताच्या मुलीची जुनी टोपी होती.

“आजी, काटे काढलेस ना गो?”

“काढले, माजे बाय.”

“आज तू कुठला धवला उचलशील? हळदीचाच ना? मला येतो आख्खा. मी इकडनं म्हणेन हळू. कोणाला नाय कळणार.”

भीमाबाईचा हात ताटातच थांबला. एवढी पोर, आणि तिला कळून चुकलं होतं की आपला आवाजसुद्धा लपवायचा असतो.

एवढ्यात अंकिता आत आली. हातात हॉस्पिटलची फाईल. मागोमाग भीमाबाईचे यजमान बळीराम, डोक्याला फेटा.

“बॅग भरलीस ना?” बळीराम म्हणाले. “टेम्पो निघालाय, तो तुमाला करंज्याला सोडेल. नवरीची, समृद्धीची मानसं बाराला येतील. त्यांना टकली पोर दिसली तर काय सांगू मी?”

“बाबा, आज तिचा डोस आहे. चारच्या आत वॉर्डात भरती करायचंय.”

“आठ दिसांनी घ्या. डोस काय पलून जातोय?”

“डॉक्टर म्हणाल्यात, एकही चुकवू नका.”

“वयनी,” नीता दारातूनच बोलली, तोंडाला ओढणी धरून, “विषाणूचं घर म्हनून नाव झालं ना, तर माज्या भावाचं लगीन मोडंल. तुज्या माहेरची खोड, माहेरी नेऊन निस्तर.”

हरेश ओट्यावर उभा होता. त्यानं सगळं ऐकलं आणि मोबाईलकडे बघत राहिला. अंकितानं फाईल छातीशी धरली. या खेपेला तिनं सासूकडे बघितलंसुद्धा नाही. विचारून झालं होतं, वाट बघून झाली होती.

अकरा वाजले. मांडवात जात्याभोवती सवाष्णी बसल्या, हळकुंडं पडली, खुंट्याला हात लागले. हृतिक पाटावर बसला. सगळ्यांच्या माना भीमाबाईकडे वळल्या.

“आये, उचल ना गो,” नीता म्हणाली.

भीमाबाईनं तोंड उघडलं. मागच्या बाजूला टेम्पोचं फाळकं पडल्याचा आवाज झाला आणि त्याच्यावर एक बारीक, अगदी हळू धरलेला सूर आला. पोर कबूल केल्याप्रमाणे धवला म्हणत होती. टेम्पोत बसून.

“नाय उचलत,” भीमाबाई म्हणाली.

“आये! मुहूर्त जातोय!”

“डोस बी जातोय. हरेश, गाडी काड. टेम्पो रिकामा जाऊं दे करंज्याला.”

“भीमे, गप बस,” बळीराम ओरडले. “चार मानसांत शोभा करू नको.”

“पाच म्हयने गप बसले. तीच खरी शोभा झाली.” तिनं खुंट्यावरचा हात काढला आणि उभी राहिली. “उष्टा घास मी भरवला मनस्वीला. माज्या तोंडातला, बोयीचा. अंकिता नको बोलत व्हती. मला हसू आलं तिचं. मंग तुमी तिच्यावर आल घातलात, नि तिनं माजं नाव नाय घेतलं. मी बी नाय घेतलं.”

नीता जातं सोडून तिच्याकडे बघू लागली.

“बगते काय, नीते? तू तसाच घास खाऊन वाडलीस. हा हरेश, हा पाटावरचा नवरा. तुजी दोन पोरं, तू पार्लरला जायाचीस तवा माज्याच मांडीवर असायची. तो पोऱ्या खुर्च्या मांडतोय, कल्पेश, त्याला इचारा लहानपनी कोनाच्या हातचा घास लागायचा. डाक्टरीन बोलली, ह्यो जंतू सगल्यांत झोपलेला असतो. तुमच्यात झोपला, तिच्यात नाय झोपला. म्हनून तिला खताच्या गोन्यांत ठेवायची? डाक्टरीन बोलली चूक कोनाचीच नाय. पन पोरीची खाट भायेर टाकली ती चूक आपली. मी गप बसले, ती माजी.”

नीताचा हात नकळत स्वतःच्या मानेकडे गेला, चाचपून खाली आला.

हरेशनं मोबाईल खिशात घातला. बापाकडे न बघता तो मांडवातून बाहेर पडला. टेम्पोचं फाळकं पुन्हा वाजलं, मग गाडीचं दार, आणि अंकिताचा आवाज आला, “सावकाश, टोपी सांभाळ.” गाडी फाटकातून वळली.

“नवरीकडचे आले की काय सांगायचं आता?” बळीरामांचा आवाज बसला होता.

“हेच. मीच सांगीन, एकूनेक. मंग उचलीन धवला.” भीमाबाई पंपाच्या खोलीतून मनस्वीचं ताट घेऊन आली. काटे काढलेला घास त्यात तसाच होता. तिनं ते जात्याशेजारी, सगळ्यांच्या मधोमध ठेवलं.

“नीते, तुजी ती नेलपॉलिशची बाटली आन. घरातल्या सगल्या ताटांना ठिपका लाव. पयला माज्या.”