तेरा पॉइंट दोन

१२.१

जावयाने पान्याने शेवटचा नट सैल केला आणि जाड काळी वायर ओढून काढली. बसमधला पंखा दोन-तीन फेरे अंगच्या वेगाने फिरला, मग थांबला.

"वेळ बघ," ड्रायव्हर म्हणाला. "तासाभराचं काम म्हणाला होतास."

"तासाभरातच होईल, मामा."

त्या तासाभरासाठी ड्रायव्हरच्या बायकोच्या नाकातली नळी मशीनवरून काढून सिलिंडरला जोडली होती. हे मशीन खोलीतली हवा ओढून त्यातला प्राणवायू तिला पुरवत असे. वीज गेली तरच सिलिंडर लागायचा, आणि त्याची चावी ड्रायव्हरच फिरवायचा, दोन्ही हातांनी, दात दाबून. तिने एकदा प्रयत्न केला होता. चावी जागची हलली नव्हती, मनगट मात्र आठवडाभर ठणकत होतं.

बस जुनी होती. निवृत्त झाल्यावर ड्रायव्हरने सीटा काढून तिचं घर केलं. छतावर सौर पट्ट्या, मागे पलंग, मध्ये ओटा, आणि पुढे अजून चालू इंजिन. तीन वर्षं हे घर तलावाकाठच्या माळावर उभं होतं. विजेचा खांब इथून दिसायचा, पण दुर्बिणीतून.

जावयाने जमिनीखालच्या पेटीतून दोन जुन्या बॅटऱ्या एकेक करून बाहेर ओढल्या. त्यांना ड्रायव्हरने नावं ठेवली होती, थोरली आणि धाकटी.

"धाकटी आधी बसायची," तो म्हणाला. "तोंडात तीळ भिजत नसे तिच्या. जरा कमी पडलं की दिवा पिवळा, पंखा मंद, पंप कण्हायला लागायचा. थोरली सोसून घ्यायची."

"घरोघरी तेच," जावई म्हणाला, आणि पलंगावर बसलेल्या सासूकडे बघून हसला. तीही हसली. तिच्या हातात अर्धवट विणलेला मोजा होता.

१२.४

*(वहीतला आकडा. जावई येण्याआधीच्या एका मंगळवारचा, सकाळी साडेसात.)*

ड्रायव्हरकडे एक वही होती. रोज सकाळ-संध्याकाळ तो डॅशबोर्डवरच्या व्होल्टेजच्या काट्यासमोर उभा राहायचा, चष्मा कपाळावर सरकवायचा आणि आकडा टिपायचा. बारा पॉइंट सात म्हणजे पोट भरलेलं. बारा पॉइंट दोन म्हणजे अर्धं. बाराच्या खाली गेला की इंजिन लावायचं आणि बॅटऱ्या भरायच्या.

लेकीला हे सगळं पाठ होतं. फोनवर ती आधी काटा विचारायची, मग आईची तब्येत. मशीन एकदा जरी बंद पडलं तरी मुक्काम हलवायचा आणि आमच्याकडे यायचं, हे तिने दोघांकडून कबूल करून घेतलं होतं. लेकीचं घर चौथ्या मजल्यावर होतं. खिडकी दुसऱ्या इमारतीच्या भिंतीवर उघडायची.

त्या मंगळवारी ड्रायव्हर सायकलला दोन कॅन लटकवून पाणी आणायला निघाला. पंपघर लांब होतं, जाऊन-येऊन दीड तास. सायकल वळणावर दिसेनाशी होईपर्यंत ती खिडकीत बसून राहिली.

मग हात लांब करून तिने मशीन बंद केलं.

दीड तास ती हलली नाही. मान मागे टेकून, तोंड किंचित उघडं ठेवून, एकेक श्वास मोजून घेतला. सायकलची घंटा ऐकू आली तेव्हा मशीन पुन्हा घुमायला लागलं होतं. दुपारी तो उजव्या कुशीवर झोपला. इंजिनाशेजारी आयुष्य गेल्याने त्याचा डावा कान कामातून गेला होता, आणि उजवा उशीत असला की त्याला ढगांचा गडगडाटही ऐकू येत नसे. तेव्हा तिने मशीन पुन्हा बंद केलं. चार-साडेचार तास.

संध्याकाळी काट्याकडे बघून तो खूश झाला.

"बघितलंस? चोवीस तास मशीन, आणि काटा बारा पॉइंट चारवर. पट्ट्या बसवाव्यात तर आपण."

"हो बाई," ती म्हणाली. "तुमच्यासारखं कोणाला जमणार."

हे वर्षभर चाललं. मागच्या महिन्यात एकदा मात्र हात मशीनपर्यंत पोचेना. खिडकीतला तलाव आधी करडा झाला, मग कडेकडेने काळा. कसं कोण जाणे, बटण बोटाखाली आलं. ड्रायव्हर परतला तेव्हा तिने दोन्ही हात गोधडीखाली घेतले होते. नखं निळी होती.

नव्या बॅटऱ्यांना ती हो म्हणाली ती त्याच आठवड्यात.

१२.१ *(पुन्हा तोच दिवस, थोड्या वेळाने)*

जावयाने तीन नव्या बॅटऱ्या आणल्या होत्या. लिथियमच्या. आकाराने लहान, वजनाला निम्म्या, निळ्या रंगाच्या. पायरीवर बसून त्याने वही चाळली आणि मोबाइलवर गुणाकार केले. मग उठून मशीनच्या मागची पाटी वाचली आणि पुन्हा गुणाकार केले.

"मामा, जमत नाही हे. पाटीप्रमाणे मशीन जास्त ओढायला पाहिजे. तुमच्या वहीवरून वापर पाऊणच येतोय."

"पाट्या कंपन्या वाढवून लिहितात. वही माझ्या हातची आहे."

"तसं नाही, पण..."

"तीस वर्षं लॉगबुक लिहिलंय, जावईबापू. एक खाडाखोड दाखव."

जावयाने वही मिटली. मग पलंगाकडे वळला.

"मामी, मशीन मध्ये कधी बंद असतं का हो? दिवसा, जरा वेळ?"

सुई टाक्यात अडकली होती. ती तिने सोडवली.

"नाही," ती म्हणाली. "बंद कशाला असेल."

जावयाने मान डोलावली. मग दोन पुरतील, म्हणाला. वहीच्या हिशोबाने उन्हाशिवाय चार दिवस निघतील, तिसरी उगाच अडकून पडायला नको, तिकडे एका दवाखान्याला हवीच आहे. तिसरी बॅटरी त्याने उचलून गाडीच्या डिकीत ठेवली, दोन्ही बाजूंनी पोती लावली आणि डिकी बंद केली. डिकीचा आवाज झाला तेव्हा तिने मान वर केली. मग पुन्हा टाके मोजायला लागली.

१३.३

दिवा लागला, लख्ख. पंखा असा फिरला की कॅलेंडरची पानं उडाली. नळी परत मशीनवर आली.

एकच गोष्ट राहिली. जावयाने खिशातून एक गोल डबी काढली, तिच्यात बॅटरी किती टक्के उरली ते दिसायचं. ती काट्याच्या जागी बरोबर बसली असती.

"काटा निघणार नाही," ड्रायव्हर म्हणाला.

"मामा, ह्या बॅटरीला काट्याचा उपयोग नाही. जुनी दमत दमत बसायची, काटा हळूहळू उतरायचा. ही दमत नाही. भरलेली असो की रिकामी व्हायला आलेली, काटा इथेच. आणि मग एकदम सगळं बंद."

"म्हणजे माझ्यासारखी. मीपण असाच जाणार."

"काहीतरीच बोलू नका," पलंगावरून आवाज आला.

जावयाने बराच वेळ समजावलं. ड्रायव्हर नुसता काट्यासमोर उभा राहिला, दार अडवून उभं राहतात तसा. शेवटी जावयाने डबी खोक्यासकट ओट्याच्या खणात ठेवली. पुढच्या खेपेला लांब वायर आणतो आणि दुसरीकडे लावतो, म्हणाला. जाताना गाडीची काच खाली करून त्याने बजावलं, की ऊन नसेल तर चार दिवस मोजायचे आणि पाचव्या दिवशी इंजिन लावायचं, काटा काहीही म्हणो.

"चार," ड्रायव्हरने बोटं दाखवली. "पाचव्याला इंजिन. मोजता येतं मला."

१३.३

१३.२

१३.३

वहीत एका पानावर असे आकडे उतरले. ऊन चांगलं होतं. ती खिडकीत बसून मोजा विणत होती आणि मशीन घुमत होतं. सकाळी, दुपारी, तो झोपलेला असताना, तो पाण्याला गेलेला असताना. गालांवर रंग आला. एक दिवस ती नळीसकट ओट्यापर्यंत चालत गेली आणि स्वतः भाजी चिरली. लेकीशी बोलताना मध्येच थांबावं लागलं नाही. लेकच म्हणाली, आई, तू आज किती बोलतेयस.

ड्रायव्हरला मात्र काहीतरी चुकल्यासारखं वाटायचं. काटा बघायला तो रोज उभा राहायचा, पण त्याला काही सांगायचंच नसायचं.

"मुकी आहेत दोघी," तो म्हणाला. नव्या बॅटऱ्यांना त्याने नावं ठेवली नव्हती.

१३.२

धुकं बुधवारी पहाटे आलं. आधी तलाव गेला, मग वळण, मग दारासमोरचं बाभळीचं झाड. दिवस उजाडला तोही दुधात बुडवल्यासारखा. छतावरच्या पट्ट्या ओल्या आणि राखाडी. ड्रायव्हरने बाहेर येऊन वर बघितलं, आत येऊन काटा बघितला आणि एक बोट दुमडलं.

१३.२

गुरुवार. दुसरं बोट. फोनला रेंज येईना. जुन्या दिवसांत एव्हाना दिवा पिवळा झाला असता, पंप कण्हला असता, ड्रायव्हर इंजिनाशी गेला असता. आता दिवा लख्ख होता आणि नळाला पाणी सपकन येत होतं.

तिने संध्याकाळी विचारलं, "इंजिन जरा लावून बघायचं का?"

"कशाला? काटा बघ की."

तिने बघितला.

१३.२

शुक्रवार. तिसरं बोट. तो ते दुमडताना ती त्याच्याकडे बघत होती. तिला डिकीत ठेवलेली निळी बॅटरी दिसली, दोन्ही बाजूंची पोती दिसली. मोज्याचा एक टाका सुटला. पाच ओळी उसवून तिने परत विणायला घेतलं.

१३.२

शनिवारी सकाळी एका कॅनमध्ये दोन बोटं पाणी उरलं होतं. ड्रायव्हरने वही शर्टाच्या खिशात घातली, कॅन सायकलला अडकवले. चेन तेलाने चकचकत होती.

"आज जाऊ नका," ती म्हणाली.

तो दारात थांबला. "का गं? बरं वाटत नाही?"

"बरं आहे. धुकं आहे म्हणून."

"धुक्यात मी साठ माणसं घेऊन घाट उतरलोय."

"अहो," ती म्हणाली, "एक सांगायचं होतं."

तो वाट बघत उभा राहिला. त्याचा चष्मा कपाळावर होता आणि शर्टाच्या खिशातून वहीचा कोपरा दिसत होता. तीस वर्षांत एक खाडाखोड नाही.

"काही नाही," ती म्हणाली. "सावकाश या."

तो काट्यापाशी गेला. नखाने काचेवर टिकटिक केलं, काटा जागचा हलला नाही. मग तिच्याकडे वळून त्याने चौथं बोट दाखवलं, हसत, आणि उतरला. सायकल दहा पावलांवर दिसेनाशी झाली. कॅनचा आवाज जरा जास्त वेळ येत राहिला.

तिने हात लांब केला. जुन्या सवयीने बोट बटणावर जाऊन टेकलं. मशीनची थरथर बोटातून मनगटापर्यंत आली. आत्ता बंद केलं तर तेवढीच वीज उरेल, दीड तासाची. पण मशीनशिवाय आता दीड तास निघणार नव्हता, दहा मिनिटंही निघाली नसती. तिने मागे वळून सिलिंडरकडे बघितलं, वरच्या चावीकडे. मग काट्याकडे.

बोट तिने उचललं आणि हात मांडीवर ठेवला. मशीन घुमत राहिलं, कालच्यासारखंच, परवासारखंच. ती ऐकत राहिली. आवाज कुठे जरा उतरतोय का, हे ऐकत राहिली.

१३.२

पंपघरावर धुकं जरा विरळ होतं. पंपवाल्याने दोन्ही कॅन भरून दिले आणि नेहमीसारखा पत्त्यांचा जोड काढून दाखवला. तीन वर्षं तो विचारायचा आणि तीन वर्षं ड्रायव्हर नाही म्हणायचा. बाकावर तो कधी टेकलाच नव्हता.

"एक डाव तरी?" पंपवाला म्हणाला. "की बायको काटा धरून बसलीय?"

"काटा आता कोणी धरायला नको," ड्रायव्हर म्हणाला. "आज चौथा दिवस, उन्हाचा पत्ता नाही, पण हललाय का बघ. तेरा पॉइंट दोन."

"मग बसा की."

ड्रायव्हरने सायकल भिंतीला लावली. धुक्यात परतीचा रस्ता दिसत नव्हता. तो क्षणभर तिकडे कान देऊन उभा राहिला, उजवा कान पुढे करून, पण ऐकू येण्यासारखं तिथे काही नव्हतं. मग तो बाकावर बसला.

पंपवाला पत्ते पिसत होता तेवढ्यात ड्रायव्हरला वहीची आठवण झाली. डाव रंगला तर संध्याकाळ होणार, घरी पोचल्यावर विसरायला नको. त्याने वही काढली, चष्मा कपाळावर सरकवला, आजच्या तारखेसमोर 'संध्याकाळ' लिहिलं आणि त्यापुढे, सुवाच्य अक्षरात, आकडा टाकला.

मग वही मिटून त्याने पत्ते उचलले.