होडीच्या रंगाची गिटार

"तुटेल ती तार," मी म्हणाले.

"तुटू दे."

"मग उद्या एडवणच्या हळदीला काय वाजवणार, बोंबील?"

ललितने माझ्याकडे पाहिलंही नाही. अंगणात बोंबील वाळत घातले होते, त्यांच्या ओळीखालून तो गळ्यात गिटार अडकवून फेऱ्या मारत होता. दोन पावलं चालायचं, थांबायचं, खुंटी पिळायची, तार छेडायची, तोंड वाकडं करायचं आणि पुन्हा चालू लागायचं. सुटीच्या दिवशी लोकांचे नवरे झोपा काढतात. माझा खुंट्या पिळतो.

माझं आणि ललितचं गाव एकच, नवापूर, आणि शाळाही एकच. त्यामुळे अहो-जाहो आम्हाला कधी जमलं नाही. तो बोईसरला एका कंपनीत पंपांचा फिटर आहे. पण फिटर ललित कुठे राहतो असं गावात विचारलंत तर लोक डोकं खाजवतील. अमेरिकन गिटारवाला म्हणा, घरापर्यंत आणून सोडतील. त्याचे वडील जिवल्याबाबा तरुणपणी परदेशी जहाजावर खलाशी होते. शेवटच्या खेपेहून परतताना त्यांनी ही गिटार आणली. मग होडी घेऊन ते मासेमारीला लागले आणि गिटार ललितच्या गळ्यात पडली ती कायमचीच. मला मागणी घातली तेव्हाही त्याच्या नोकरीआधी गिटारीचं नाव निघालं होतं. खोटं कशाला बोलू, मीही त्यालाच भुलले.

नारळी पुनवेच्या आधी आमच्याकडे होड्या खरवडून रंगवतात. होडी झाली की बाबा उरलेल्या रंगाचा एक हात गिटारीवरही फिरवायचे. खारी हवा लोखंड खाते, लाकूड खाते, हिला कशाला सोडेल, असं म्हणायचे. होडी हिरवी तर गिटार हिरवी, होडी लाल तर गिटार लाल. बाबा गेल्यावर ललितने ते चालू ठेवलं. होडी आता थोरले दीर नीलेश चालवतात, पण डब्याच्या तळाचा रंग न मागता आमच्याकडे येतो. यंदाचा निळा आहे.

पण गिटारीचा दांडाच वाकला तर रंग काय करणार? मागच्या हळदीला भर नाचात गिटार बेसूर झाली. नाचणाऱ्या बायका थांबल्या आणि पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. दुसऱ्याच दिवशी, ललित ज्या बँड-पार्टीत वाजवतो तिचा मालक प्रदीप घरी आला.

"दादा, राग नका मानू. बोईसरच्या दुकानात इंडोनेशियाची नवी गिटार आलीय. सुरात राहते. ती घ्या. नायतर रविवारी तुमचं सगळं मला कीबोर्डवर घ्यावं लागंल."

"डुप्लिकेट मी गळ्यात घालणार नाय."

"मग ही तरी विका. जुन्या ओरिजनलच्या मागे लोक येडे झालेत. दादरचा एक माणूस हाय माझ्या ओळखीचा."

"विकणार नाय," ललित म्हणाला. "पण येऊ दे त्याला. काय चीज हाय ते तरी तुमाला कळू दे."

तो माणूस आज येणार होता आणि म्हणून या फेऱ्या चालल्या होत्या. मला धाकधूक होती. पार्टीतून काढलं असतं तर ललितकडे पंप सोडून काहीच उरलं नसतं, आणि ओरिजनल सोडून दुसरी गिटार हातात घ्यायला तो तयार नव्हता.

दादरचा माणूस दुपारी आला. ज्ञानेश नाव, वयाने लहान, वागायला साधा. चपला बाहेर काढून तो ओटीवर मांडी घालून बसला. बातमी आधीच फुटली होती. कुंपणापलीकडे शेजारीपाजारी जमले होते.

ज्ञानेशने गिटार मांडीवर घेतली आणि त्याचा चेहरा पडला.

"काका, हा कसला रंग?"

"होडीचा," ललित अभिमानाने म्हणाला. "दर वर्षाला एक हात."

"दर वर्षी?" त्याने रंगावरून नख फिरवलं. "जुन्या गिटारीत मूळ रंगालाच खरी किंमत असते हो."

"खाली हाय ना मूळ रंग. तो कुठं जातोय?"

ज्ञानेशला हसू आलं. कुठल्या कंपनीची, कुठल्या सालची ते बघायला दांड्याच्या शेंड्यावरचा रंग थोडा खरवडू का, असं त्याने विचारलं. ललितने मान डोलावली. पातळ पात्याने तो हळूहळू खरवडू लागला. निळ्याखालून लाल निघाला, लालखालून हिरवा, मग आणखी कितीतरी थर. त्यांच्याखालचा पिवळा मी लगेच ओळखला, आमच्या लग्नाच्या वर्षी होडी पिवळी होती. पिवळ्याखाली आणखी रंग होते, माझ्या आधीचे. सगळ्यांत तळाला सोनेरी अक्षरं दिसली.

ज्ञानेशने ती वाचली. गिटार उलटी करून मागची धातूची पट्टी खरवडली, तीही वाचली. मग कुंपणाकडे बघून त्याने आवाज खाली आणला.

"काका, ही जपानची आहे. अमेरिकन गिटारींच्या नकला तेव्हा तिकडे बनायच्या. बंदरात खलाशांना स्वस्तात मिळायच्या." गिटार सरळ करत तो म्हणाला, "वाईट नाही ही. पण ओरिजनल नाही."

ललितचा हात नुसता मांडीवर वर-खाली होत राहिला.

"काय बोलला रे तो?" कुंपणाबाहेरून कुणीतरी विचारलं.

"विकायची नाय," ललित म्हणाला.

ज्ञानेशला मी सुक्या बोंबलांची पिशवी दिली. नको नको म्हणत त्याने ती घेतली आणि मान खाली घालून तो गेला. बघ्यांची गर्दीही पांगली. ललित उठला, बसला, पुन्हा उठला. पाणी प्यायला आत गेला आणि न पिताच बाहेर आला. ओटीच्या कोपऱ्यात माझ्या सासू विजयाबाई सोडे निवडत बसल्या होत्या. मान वर न करता त्या म्हणाल्या,

"खरवडलंस ना शेवटी?"

ललित गर्रकन वळला. "आई, तुला ठावं होतं?"

"मला नाय तर कोणाला?"

"म्हंजे बाबा जन्मभर खोटं बोलले माझ्याशी?"

"तो कदी बोलला? आठव जरा. तू बोललास." आईंचे हात थांबले. "बाप येणार म्हणून एस्टीच्या थांब्यावर गेलास. सगळी पोरं होती. त्याच्या हातात गिटार बघितलीस नि सगळ्यांदेखत वरडलास, बाबा, अमेरिकेची ना? तो काय बोलणार? गप ऱ्हायला. घरात पाय टाकला नि पयला रंगाचा डबा मागितला."

ललित मटकन खाली बसला. मला तो थांबा नीटसा आठवत नाही, पण जहाजावरून कुणी आलं की गावातली सगळी पोरं तिकडे धावायची. त्या पोरांत मीही असणारच. आमच्यासमोर मुलाचं हसं होऊ नये म्हणून तो माणूस मरेपर्यंत दर वर्षी ब्रश घेऊन बसला होता. मला बाबांची फार आठवण आली.

"एवढी वर्षं," ललित म्हणाला, "बाबांच्या मागे मीच झाकत होतो ते."

तो समुद्रावर गेला आणि पाय ओले व्हायच्या आत परत आला.

"शालू, चल."

"कुठे?"

"बोईसरला."

दुकानात त्याने ती इंडोनेशियाची गिटार गळ्यात घातली आणि तिथेही फेऱ्या सुरू केल्या. दुकानदार वैतागला. ललित तार छेडायचा, चालायचा, पुन्हा तीच तार छेडायचा. सूर जागचा हलत नव्हता.

"सुरात हाय," तो मला म्हणाला, तक्रार केल्यासारखा.

घरी आल्यावर त्याने निळा डबा खाली काढला. आधी जुन्या गिटारीचा खरवडलेला शेंडा रंगवला आणि मागची पट्टीही. मग नवी पुढ्यात ओढली आणि तिच्या शेंड्यावर ब्रश फिरवला. कंपनीची अक्षरं निळ्याखाली गेली.

"नव्या गिटारीला कशाला?"

"खारी हवा हाय."

मी पुढे काही विचारलं नाही. विचारायची भीती वाटली. त्याच्या मनात काय आहे ते मला कळेना.

रविवारी एडवणला मांडव भरला होता. प्रदीप माइक तपासत होता. नवरीचा मामा ललितजवळ येऊन उभा राहिला आणि त्याने सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं,

"नवी घेतलीस? ही पण अमेरिकेचीच का?"

मी बायकांत बसले होते. मी मान उंच करून ललितकडे पाहिलं.

"नाय," ललित म्हणाला. "इंडोनेशियाची."

"आणि ती जुनी?"

"जपानची. माझ्या बाबांनी आणलेली."

मामाला आणखी विचारायचं होतं, पण ललितने तार छेडली होती. गिटार शेवटपर्यंत सुरात राहिली. बायका नाचताना हसल्या, पण ते हसू वेगळं होतं. ललित मात्र पहिल्यांदाच एका जागी उभा राहून वाजवत होता, आणि त्याच्या अंगठ्याला निळा रंग तसाच होता.

घरी आलो तेव्हा आई निजल्या होत्या. जुनी गिटार खिळ्याला लटकत होती. शेंड्यावरचा रंग दमट हवेत अजून पुरता वाळला नव्हता. ठिपका खाली पडू नये म्हणून आईंनी तिच्याखाली जुना पेपर पसरून ठेवला होता, बाबा पसरायचे तसा.