राहीबाई कोण?

मित्रांनो, मी एक जुने झेरॉक्स मशीन आहे आणि आज मी संतापलेले आहे.

माझी उमेदीची वर्षे पुण्यातल्या एका कचेरीत गेली. तिथे नवे मशीन आल्यावर लोणंदच्या नाथाजींनी मला विकत आणले आणि कॉलेजजवळच्या दुकानात बसवले. सातबारा, दाखले, सैन्यभरतीचे अर्ज, सगळे मी सुबक छापले. लोक कौतुक करत. पुढे नाथाजींनी पाटी लावली, 'तयार प्रोजेक्ट मिळतील.' तेव्हापासून एकच निबंध नाव बदलबदलून माझ्या पोटातून निघू लागला. माझी काच मळली, ती कुणी पुसली नाही.

एके दिवशी अक्षता आपला शोधनिबंध घेऊन आली. तिची आई चंद्राबाई कांद्याच्या वखारीत कामाला. 'कांदा निवडणाऱ्या बायकांना सावली का नाही?' हा अक्षताचा प्रश्न होता. ती बायकांजवळ बसली, व्यापाऱ्यांशीही बोलली. 'शेड घातली तर ट्रक वळणार नाहीत,' हे त्यांचे म्हणणे तिने लपवले नाही, पूर्ण लिहिले. मग वखारीचे अंगण मोजून दाखवले, की भिंतीलगत शेड घातली तरी ट्रक सहज वळतो. कुणी काय सांगितले तेही शेवटी नावांसकट दिले. पहिले नाव राहीबाईंचे होते.

अक्षता प्रत घेऊन गेली. पण नाथाजींनी एक जादा प्रत काढून ठेवली होती. मित्रांनो, माझ्याच उजेडात ती चोरी झाली आणि मला ओरडता आले नाही! ती प्रत तिच्याच वर्गातल्या धैर्यशीलने विकत घेतली, वर आपले नाव घातले आणि अक्षताच्या आधी कॉलेजात दिली.

मग एका दुपारी अक्षता तरातरा दुकानात शिरली. मागे तिच्या शिक्षिका संयोगिता मॅडम होत्या. धैर्यशील तिथेच उभा होता.

"काका, माझा पेपर ह्याच्याकडं कसा गेला? कॉलेजात मलाच चोर ठरवलंय!"

"आगं, लय ताणू नगंस," नाथाजी म्हणाले. "सगळीच पोरं करत्यात."

मॅडम धैर्यशीलकडे वळल्या. "राहीबाई कोण?"

तो गडबडला. "लेखिका हायेत, मॅडम. त्यांच्या पुस्तकातनं घेतलंय."

"पुस्तकातनं?" अक्षता कडाडली. "आरं, राहीबाई माझ्या आईशेजारी बसून कांदा निवडती! उन्हानं चक्कर येऊन पडली, तवा तिचं डोकं माझ्या मांडीवर हुतं!"

धैर्यशीलने मान खाली घातली.

"अक्षता, माझं चुकलं," मॅडम हळूच म्हणाल्या. "तुला चोर ठरवण्याआधी हा प्रश्न मी विचारायला हवा होता."

धैर्यशीलचा निबंध बाद झाला. नाथाजींनी मुकाट्याने पाटी उतरवली. अक्षता आणि राहीबाई तो निबंध घेऊन वखारवाल्यांकडे गेल्या. एकाने भिंतीलगत पत्रा घातला. बाकीच्या वखारींतल्या बायका अजून उन्हातच बसतात. अक्षता आता पलीकडच्या गल्लीतल्या दुकानात जाते. तिचे बरोबर आहे, पण मला ते फार लागते.

मित्रांनो, माझी काच पुसा, कागद नीट लावा, मी अजून चांगले छापीन. पण मत मांडायचे तर प्रश्न तुमचा असू द्या, पुरावा शोधा, विरोधकाचे म्हणणे ऐकून त्याला उत्तर द्या. आणि ज्यांच्याविषयी लिहिता, त्यांच्यातल्या एकाला तरी भेटून या. मगच माझ्यासमोर कागद धरा.