दुसऱ्या झाकणाखाली

इशबेल लमाँटने कोट काढून खुर्चीच्या पाठीवर टाकला आणि बाह्या सरसावल्या. काचेची पेटी उघडल्याशिवाय आज ती इथून हलणार नव्हती.

पेटीत चार फुटी 'लोर्नमूर' उभी होती. पोर्ट ग्लासगोच्या एका गोदीने सत्तर वर्षांपूर्वी मालवाहू आगबोट बांधली, तेव्हा तिच्या मालकासाठी करवून घेतलेली ही हुबेहूब प्रतिकृती. नांगर, कठड्याचे खांब, हवेचे भोंगे, सगळ्यांवर सोन्याचं पाणी. पितळी पाटीवर गोदीचं नाव आणि मालकाचं नाव. करणाऱ्याचं नाव घालायची रीतच नव्हती. आता संग्रहालय शेजारी नवी पाटी लावणार होतं आणि तिच्यावर 'कारागीर अज्ञात' असं येणार होतं.

"अज्ञात कसा?" वर्षभरात अकरा पत्रांतून विचारलेला प्रश्न इशबेलने तोंडावर विचारला. "हेक्टर लमाँट. माझे वडील. एकवीस वर्षं होते ते गोदीच्या प्रतिकृती बनवणाऱ्या खात्यात."

"बाई, मी तुमचा शब्द मानतो हो," संग्रहालयाचे टॉर्मड वीअर म्हणाले. "पण पाटीला पुरावा लागतो."

"पुरावा आत आहे. त्या खात्यातली माणसं दुसऱ्या माल-खणाच्या झाकणाखाली चिठ्ठी टाकायची. साहेबाला पत्ता नसायचा."

"आणि झाकण तुटलं तर?"

"तर माझ्या नावाने खडे फोडा. उघडा आता."

वीअरनी सुस्कारा सोडून हातमोजे चढवले आणि काच उतरवली. इशबेल बोटीवर वाकली. केसाएवढे बारीक दोर डोलकाठीपासून डेकपर्यंत ताणलेले होते. एकही ढिला नव्हता. बाबांच्या हाताला तोड नव्हती, ती अभिमानाने मनात म्हणाली.

आईने मात्र त्या हातात कधी भरलेला कप दिला नाही. चहा द्यायची तो अर्धाच. कडक बाई. रविवार देवाचा, त्या दिवशी त्यांच्या घरात सुईला हात लावणंसुद्धा पाप. चर्चमधून आलं की ती खिडक्यांचे पडदे ओढायची, इशबेलच्या हातात बिस्किटांचा डबा द्यायची आणि तिला संध्याकाळपर्यंत मावशीकडे पिटाळायची. आपण आईला घरात नको असायचो, हा सल इशबेलने अठ्ठ्याहत्तर वर्षांची होईपर्यंत जपला होता.

पातळ पात्याने झाकण उचललं गेलं. वीअरनी चिमट्याने आतून घडी केलेला कागद काढला आणि दिव्याखाली धरला.

"'लाकूड आणि पितळ, हेक्टर लमाँट,'" त्यांनी वाचलं.

इशबेलने टेबलावर थाप मारली. "सांगत नव्हते मी?"

"थांबा, खाली अजून आहे. 'हात थरथरतो. दोर सगळे नॅनने ओवले, रविवारी. पाप माझ्याकडे धरावं.'"

इशबेलने कागदाकडे मान वळवून त्या ओळी स्वतः वाचल्या.

"नॅन कोण?" वीअरनी हळूच विचारलं.

इशबेल पुन्हा वाकून दोर बघत होती, या वेळी एकेक करून. जीवरक्षक होड्यांच्या प्रत्येक दोराला शेवटी तीच घट्ट, चिमुकली गाठ होती. मावशीकडे जाताना तिच्या टोपीच्या नाड्यांना बसायची तशीच. तिचे डोळे भरून आले आणि तिने ते लपवले नाहीत.

"माझी आई," ती म्हणाली.

वीअरनी खुर्ची पुढे सरकवली. ती बसली नाही. जरा वेळाने त्यांनी वही उघडली.

"म्हणजे पाटीवर हेक्टर लमाँट. तुम्ही जिंकलात, बाई. दुसरं नाव मात्र बसायचं नाही, एकाच ओळीची जागा आहे."

"मग अक्षर बारीक करा," इशबेल कोट चढवत म्हणाली. "आणि नॅन आधी लिहा."